शाळेत संगणक शिकवताना : पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला संगणक शिकवते. पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत, कधी शाळा सुटल्यावर फाटकापाशी, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

संगणकाची मूलतत्त्वं म्हणजे नक्की काय शिकवायचं?

माझी कसोटी एकच आहे. बटण दाबायच्या आधी मशीन काय करणार, हे मुलाला सांगता आलं पाहिजे. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो कुठे चुकला हे त्याला शोधता यायला हवं.

या कसोटीवर घासलं की काय शिकवायचं ते आपोआप ठरतं. माहिती मशीनच्या आत कोणत्या रूपात साठते, सूचना कोणत्या क्रमाने पाळल्या जातात, 'जर-तर' आणि 'इतक्या वेळा पुन्हा कर' यांनी काय घडतं, हजारो नोंदींतली एक नोंद झटकन कशी सापडते, आणि एका मशीनवरचा निरोप दुसऱ्या मशीनपर्यंत कसा पोचतो. इंग्लंडने २०१४ साली शाळांमधला आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) हा विषय काढून त्याच्या जागी 'कम्प्युटिंग' आणला. तयार सॉफ्टवेअर वापरायला शिकवणं पुरत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आपल्याकडच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही संगणकीय विचार आणि कोडिंग यांचा उल्लेख आहे, आणि सुरुवात सहावीच्या आसपास व्हावी असं ते म्हणतं. धोरण वर्गापर्यंत पोचवायचं काम मात्र आपलं, शिक्षकांचं.

मुलाने एमएस-सीआयटी केलं, टायपिंग केलं. तेवढं पुरत नाही का?

ते उपयोगाचं आहे, जरूर करावं. पण ते वापरण्याचं कौशल्य झालं. एक उदाहरण सांगते. दहावीच्या दोन मुलांनी वर्गाची गुणांची यादी एक्सेलमध्ये भरली आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे लावली. यादीत १ च्या खाली १०, मग ११, असं १९ पर्यंत आणि मग २. दोघंही कोर्स केलेले, पण 'कॉम्प्युटर बिघडला' म्हणून मोकळे झाले. मशीन बिघडलं नव्हतं. हजेरी क्रमांक आकडे म्हणून न साठता मजकूर म्हणून साठले होते, आणि मजकूर डावीकडून एकेक चिन्ह बघत लावला जातो, शब्दकोशातल्यासारखा. हे ज्याला ठाऊक आहे त्याला यादी बघताक्षणी कारण कळतं. ज्याला नाही, तो सेहेचाळीस ओळी हाताने पुन्हा लावत बसतो. ते दोघं तसेच बसले होते.

लॅबमध्ये चालू मशीन अकरा आणि वर्गाचा पट सेहेचाळीस. कसं शिकवायचं?

बराचसा विषय मशीनशिवाय शिकवता येतो, आणि माझ्या मते सुरुवात तशीच करावी. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात 'कम्प्युटर सायन्स अनप्लग्ड' नावाने असे अनेक खेळ तयार केले. ते फुकट मिळतात, आणि त्यांना लागतं काय तर पुठ्ठा, खडू, दोरी.

बायनरीचा, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून आकडे लिहायच्या रीतीचा, खेळ घ्या. पाच पुठ्ठ्यांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढायचे. पाच मुलं फळ्यासमोर ओळीत उभी राहतात. वर्ग आकडा सांगतो, 'एकोणीस!' कुणी पुठ्ठा दाखवायचा आणि कुणी लपवायचा हे त्या पाच जणांनी ठरवायचं. १६, २ आणि १ दाखवले की एकोणीस झाले. दाखवलेल्या पुठ्ठ्याला १ आणि लपवलेल्याला ० लिहिलं की १००११. दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, 'बाई, ३१ च्या पुढे जाताच येत नाही!' मग विचारायचं, सहावा मुलगा उभा केला तर त्याच्या पुठ्ठ्यावर किती ठिपके लागतील? याच पद्धतीने एका हाताच्या बोटांवर ३१ पर्यंत आणि दोन्ही हातांवर १०२३ पर्यंत मोजता येतं. ही गोष्ट मुलं त्याच दिवशी घरी जाऊन दाखवतात.

मशीनवर बसवायची वेळ आली की मी एका मशीनवर चार-चार जण बसवते. एकाच्या हातात माऊस, एक जण पुढची सूचना सांगणार, एक जण वहीत अंदाज लिहिणार, चौथा तो अंदाज तपासणार. दर आठ मिनिटांनी जागा बदलायच्या. अंदाज वहीत उतरल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम मी कधीच मोडू देत नाही. सू सेंटन्स या ब्रिटिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट पाच पायऱ्यांत बसवली आहे. अंदाज करा, चालवून बघा, उलगडून बघा, बदल करा, आणि शेवटी स्वतःचं बनवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सुरुवात थेट शेवटच्या पायरीवरून होते आणि मुलं फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवून घेतात.

बायनरी मुलांना फार कोरडी वाटते. काय करावं?

याचं उत्तर मला मराठीच्या तासाने दिलं. एकदा नववीच्या वर्गात शिरले तर फळ्यावर मराठीच्या बाईंनी लिहिलेले लघु-गुरू तसेच होते आणि खाली गण. य, र, त, न, भ, ज, स, म. मी ते पुसलं नाही. वर्गाला विचारलं, 'गण आठच का? सात का नाहीत? नऊ का नाहीत?'

वर्ग गप्प. मग एका मुलीने वहीत मांडायला सुरुवात केली. गणात अक्षरं तीन. प्रत्येक अक्षर एकतर लघु किंवा गुरू. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठ! नववा गण कुणाला हवा असला तरी बनवता येणार नाही.

आता लघुला ० लिहा आणि गुरूला १. 'न' गण म्हणजे ०००, 'म' गण म्हणजे १११, 'य' गण ०११, 'र' गण १०१. आठ गण म्हणजे ० ते ७ हे आठ आकडे, फक्त वेगळ्या वेषात. भुजंगप्रयात वृत्तात चार वेळा य गण येतो, म्हणून त्याची एक ओळ ०११०११०११०११ अशी बारा बिटांची होते. (० किंवा १ चं एक घर म्हणजे एक बिट.) तीनऐवजी चार अक्षरांचा गण असता तर सोळा झाले असते, आणि आठ अक्षरांचा असता तर २५६. बाइट म्हणजे असे आठ बिट, हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

'यमाताराजभानसलगा' ही पाठ करायची युक्ती तर दहावीच्या वर्गासाठी मेजवानी आहे. हा दहा अक्षरांचा शब्द. सुरुवातीपासून लागोपाठची तीन-तीन अक्षरं घ्या. यमाता हा य गण, मातारा हा म, ताराज हा त, राजभा हा र, आणि असं करत शेवटी सलगा हा स. आठही गण एकेकदाच येतात, कुठलाही सुटत नाही आणि कुठलाही दोनदा येत नाही. मग विचारा, यापेक्षा लहान शब्दात हे जमेल का? आठ तुकडे मिळायला आठ सुरुवाती हव्यात आणि शेवटच्या तुकड्याला पुढची दोन अक्षरं हवीत, म्हणजे दहा अक्षरं लागणारच. एका तासात मुलं सिद्धता मांडून मोकळी होतात, आणि आपण सिद्धता मांडली हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

इथे एक सांभाळायला हवं. प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या रचना क्रमाने मांडायची 'प्रस्तार' नावाची रीत आहे, आणि तिचा अभिमान जरूर वाटावा. पण 'आपल्याकडे तेव्हाच कॉम्प्युटर होता' असं मुलांना सांगू नये. प्रस्तार जसा आहे तसाच पुरेसा मोठा आहे.

मराठीत शिकवावं की इंग्रजीत?

समजावणं मराठीत, संज्ञा रुळलेल्या. लूप (पुन्हा पुन्हा करायच्या सूचना), व्हेरिएबल (किंमत ठेवायची नावाची जागा), फाइल, नेटवर्क हे शब्द मुलं आधीच बोलतात, त्यांना अवघड प्रतिशब्द देऊन काही साधत नाही. पण 'लूपमध्ये शेवटची फेरी का राहिली' हा विचार ज्या भाषेत मूल भांडतं, त्याच भाषेत व्हायला हवा. इंग्रजी एरर मेसेज वाचण्याचा सराव वेगळा द्यावा. आम्ही एका मोठ्या कागदावर नेहमीचे दहा-बारा मेसेज आणि त्यांचा मराठी अर्थ लिहून लॅबच्या दाराला लावला आहे.

शिवाय मराठी हाच एक उत्तम धडा आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला 'मुंबई' या शब्दाची लांबी विचारा. मुलं म्हणतात तीन अक्षरं. पायथन म्हणतं पाच. म, उकार, अनुस्वार, ब आणि ई, अशी पाच चिन्हं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, वेगवेगळी साठतात. 'क्ष' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत क, हलन्ताचं चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हं असतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे 'मुंबई' पंधरा बाइटांची. प्रत्येक मूल आपल्या नावाची लांबी आधी वहीत काढतं, मग मशीनला विचारतं. नावात जोडाक्षर असलेल्या मुलांना त्या दिवशी फार भाव येतो.

मराठी एसएमएसमध्ये कमी अक्षरं का मावतात, हा प्रश्नही तिथूनच सुटतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीला प्रत्येकी ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात. एसएमएसमध्ये यूटीएफ-८ नाही, वेगळी पद्धत असते, आणि तिच्यात मराठीला प्रत्येकी १६ बिट लागतात, म्हणून ७०. भागाकार मुलांनाच करू द्या.

स्क्रॅच घ्यावं की पायथन?

आठवीत स्क्रॅच, नववीच्या दिवाळीनंतर पायथन. स्क्रॅचमध्ये सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवतात. ते एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, ते इंटरनेटशिवायही चालतं आणि त्यात स्पेलिंग चुकल्यामुळे काहीच अडत नाही. पायथन १९९१ पासून आहे, मोफत आहे, जुन्या मशीनवरही तिची साजेशी आवृत्ती चालते. याहून जास्त वाद घालण्यासारखं या प्रश्नात काही नाही. भाषा कोणतीही घ्या, वहीत तक्ता आखून 'या ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे' हे हाताने भरायची सवय लावा.

अल्गोरिदम हा शब्द ऐकूनच मुलं घाबरतात...

मुंबईतल्या मुलांना घाबरायचं कारण नाही. अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीने काम करायची रीत, आणि ती रोज अल्गोरिदम चालवूनच शाळेत येतात. मी प्रश्न घालते, गोवंडीहून गोरेगावला कसं जायचं? अर्धा वर्ग म्हणतो, हार्बरने कुर्ला, तिथून मेनलाइनने दादर, दादरला वेस्टर्न. उरलेला अर्धा म्हणतो, वडाळा रोडला उतरा आणि गोरेगावची हार्बर पकडा, एकदाच गाडी बदलावी लागते. मग भांडण जुंपतं. 'गोरेगावच्या हार्बर गाड्या कमी, वाट बघण्यात वेळ जातो!' 'आणि दादरचा पूल? संध्याकाळी सहाला चढून बघ!' आजीला घेऊन जायचं असेल तर उत्तर बदलतं, परीक्षेला उशीर झाला असेल तर पुन्हा बदलतं.

नेमका हाच धडा आहे. 'चांगला रस्ता' म्हणजे काय हे आधी माणसाने ठरवायचं असतं. मिनिटं मोजायची, गाड्या बदलणं मोजायचं की जिने मोजायचे? ते ठरलं की स्टेशनं म्हणजे टिंबं, रूळ म्हणजे रेघा, आणि प्रत्येक रेघेवर एक आकडा. सगळ्यांत कमी बेरजेचा रस्ता शोधायची एक रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आठ स्टेशनांचा नकाशा काढून दहावीची मुलं ती फळ्यावर हाताने चालवतात. मोबाईलमधला नकाशा रस्ता दाखवतो तेव्हा 'त्याने काय मोजलं असेल?' असा प्रश्न मग त्यांना आपणहून पडतो.

घरी कॉम्प्युटर नाही, एकच मोबाईल आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो. मूल मागे पडेल का?

नाही, पण त्यासाठी शिक्षकाने एक पथ्य पाळायला हवं. मशीन लागेल असा गृहपाठ द्यायचा नाही. अंदाज लिहिणं, तक्ता भरणं, चूक शोधणं हे सगळं कागदावर होतं. पालकांनी एवढंच करावं, आठवड्यातून एकदा त्याला वहीतला एक प्रोग्रॅम समजावून सांगायला लावावा. तुम्हाला कळला नाही तरी चालेल. सांगता सांगता ते कुठे अडखळलं, हे त्याचं त्यालाच कळतं.

कोडिंगच्या महागड्या क्लासला घालू का? ते म्हणतात सहा महिन्यांत ॲप बनवेल.

एक आई मुलाचं प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. फी हप्त्याने भरलेली. ॲप खरोखरच मोबाईलमध्ये होतं आणि चालतही होतं. मी मुलाला म्हटलं, हे निळं बटण हिरवं करून दाखव. त्याला ते कुठे बदलायचं हे माहीत नव्हतं. तो रडवेला झाला, आणि मला त्याचा नाही, त्याला असं शिकवणाऱ्यांचा राग आला. ते ॲप त्याने बनवलं नव्हतं, फक्त उतरवून घेतलं होतं.

क्लास लावायचाच असेल तर आधी एक तास मागे बसून बघा. मुलं अंदाज करतात का? चुकलेला प्रोग्रॅम त्यांना स्वतः दुरुस्त करू देतात का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर पैसे वाचवा.

एआय प्रोग्रॅम लिहून देतं. मग मुलांनी शिकायचं कशाला?

लिहून दिलेलं बरोबर आहे का, हे कुणी सांगायचं म्हणून. मी वर्गात १ ते १०० ची बेरीज करणारा एक छोटा पायथन प्रोग्रॅम देते. तो चालतो, कुठेही एरर येत नाही, उत्तर येतं ४९५०. बरेच जण टिक करून मोकळे होतात. ज्याने गणितात सूत्र शिकलेलं असतं तो म्हणतो, '५०५० यायला हवं.' मग शोध सुरू होतो. पायथनमध्ये 'इथपासून तिथपर्यंत' मोजायला 'रेंज' ही सूचना असते, तिच्यात शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून १०० राहून गेले. न अडखळता चालणारा प्रोग्रॅम चुकीचाही असू शकतो, हे मुलाने एकदा अनुभवलं की कुणीही लिहून दिलेला प्रोग्रॅम ते तपासूनच घेतं.

मुली या विषयात मागे का राहतात?

माऊस मुलांच्या हातात असतो म्हणून. हे मी स्वतःच्या लॅबमध्ये पाहिलं आहे, आणि ते माझ्या लक्षात यायला अर्धं वर्ष गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. मुली वहीत सगळं बरोबर लिहीत होत्या आणि कीबोर्डला हात न लावता घरी जात होत्या. दर आठ मिनिटांनी जागा बदलायचा नियम त्यानंतर आला. हजेरीसारखी त्याचीही नोंद ठेवते.

मी गणित शिकवते आणि आता संगणकही माझ्याच गळ्यात आलाय. मी कुठून शिकू?

गणित येतंय तर अर्धी वाट चाललेली आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मोफत सॉफ्टवेअरचे छोटे धडे मराठीतही आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्या शहरातच आहे, त्यांच्या शिक्षकांसाठीच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. आणि लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेल्या 'बेब्रास' या संगणकीय विचारांच्या स्पर्धेची कोडी बघा. मशीन न लावता सोडवायची ती कोडी मी शनिवारच्या तासाला वापरते. मुलांच्या दोन तास पुढे असलात तरी पहिलं वर्ष निभावतं.

इतिहास किती शिकवावा?

'संगणकाचा जनक कोण' हे पाठ करून घेण्यापुरता नको. एक गोष्ट मात्र मुंबईच्या मुलांना सांगावीच. भारतात बनवलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक, टिफ्रॅक, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला आणि १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करायला लावा. ८१,९२० बिट, म्हणजे फक्त १० केबी. मोबाईलमधला ३ एमबीचा एक फोटो साठवायला असे तीनशेहून जास्त टिफ्रॅक लागले असते. आणि तेवढ्या जागेत शास्त्रज्ञांनी खरी गणितं सोडवली, हे ऐकून मुलं बराच वेळ बोलत नाहीत.

परीक्षा कशी घ्यावी?

व्याख्या विचारू नका. सहा ओळींचा प्रोग्रॅम द्या आणि उत्तर काय येईल ते तक्त्यासह लिहायला सांगा. चुकलेला प्रोग्रॅम देऊन चूक शोधायला लावा. किंवा असं विचारा, अकारविल्हे लावलेल्या १००० नावांत एक नाव शोधायचंय, दर वेळी मधलं नाव बघून अर्धी यादी सोडून द्यायची, तर जास्तीत जास्त किती नावं बघावी लागतील? उत्तर १०. एक लाख नावं असतील तर १७. कारण लिहिलं नसेल तर मी गुण देत नाही.

ऑनलाइन फसवणुकीबद्दल या तासात बोलावं का?

बोलावंच, आणि आकड्यांनी बोलावं. चार अंकी पिनच्या शक्यता १०,००० असतात, सहा अंकी पिनच्या दहा लाख. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे पाठवताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो. हे एक वाक्य मुलांनी घरी आई-बाबांना आणि आजी-आजोबांना सांगायचं, हा माझा दरवर्षीचा गृहपाठ आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो.

जूनमध्ये पहिल्या तासाला काय करू?

वही आणि तपकिरी कागद घेऊन जा. वर्गाला सांगा, 'मी मशीन आहे. मला वहीला कव्हर घालायला सांगा.' मुलं म्हणतील, 'कागद घ्या.' घ्या, आणि हातात धरून नुसत्या उभ्या राहा. 'वही ठेवा.' जमिनीवर ठेवा. 'कागदावर ठेवा, बाई!' मिटलेल्या कागदावर ठेवा. 'दुमडा.' वही दुमडा. दहा मिनिटं आरडाओरडा होऊ द्या. मग दोघा-दोघांना कागद देऊन सूचना लिहायला लावा आणि शेजारच्या जोडीला त्या शब्दशः पाळायला सांगा. घंटा होईपर्यंत कुणाचीच वही धड कव्हरात गेलेली नसते. दुसऱ्या दिवशी मुलं आपल्या सूचना खोडून, नवीन लिहून, आपणहून दाखवायला आणतात.